बांचा उपास

भावनगरच्या दाताच्या दवाखान्यात मंजुलाबेन हिरडीच्या ऑपरेशनसाठी बसल्या होत्या. शेजारी एक सासू-सून. सासूचं तेच ऑपरेशन परवा झालेलं.

"बा, दुखतंय म्हणून जेवत नाही ना?"

"दुखत नाही. प्रायश्चित्ताचा उपास धरलाय."

"कशाचं प्रायश्चित्त?"

"हिरडीत भरली ती जेली म्हणे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात. चंपाबेन सांगत होती. जन्मात कांदा तोंडात घातला नाही, आणि म्हातारपणी कोंबडा."

मंजुलाबेननी हळूच पर्स उचलली.

"अहो बा, तसं पूर्वी करायचे. मी आधीच डॉक्टरांना विचारलं होतं. ही दही विरजावं तशी टाकीत विरजून करतात."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"अरिहंत, अरिहंत. आणि वर तुकडा शिवलाय तो कुणाचा?"

"तुमच्याच टाळूचा."

"म्हणजे माझंच मांस?"

"हो."

"मग हरकत नाही. ते जन्मापासून तोंडातच आहे. उद्या पारण्याला मऊ शिरा कर. आणि तुपाला हात आखडू नकोस."

मंजुलाबेननी पर्स खाली ठेवली.