खाचरावरचा घोडा

रंभाबाई : नीट बघा. ह्या पताकांवर घोडाच हाय ना ह्यो?

कुशाबा : बघितला. घोडाच हाय. मंग? घोडा काय फकस्त देवाचाच असतुया व्हय?

रंभाबाई : पाठीवर काय हाय त्येच्या? जाळ निघाल्यागत काढलंय. असला घोडा कुणी टांग्याला जुपतंय का? खंडोबाचा घोडा हाय ह्यो. अन् तुमी त्येचं बुजगावणं करून भातात टांगलंय.

कुशाबा : मला काय ठावं? कॅसेटची फीत बांधली हुती, ती वाऱ्यानं तुटली. दुसरी मागितली तर तू म्हणलीस, माझ्या भजनाच्या कॅसेटला हात लावाल तर जेवाय वाढायची न्हाई. मंग वरच्या ग्यालरीत पिशवीत ही झालर घावली. लाल, निळी, पिवळी. म्हणलं, माडीवरच्या पोरींनी कुणाच्या तरी वाढदिवसाला आणली असंल अन् दिली असंल टाकून.

रंभाबाई : टाकलेल्या वस्तूला कुणी गाठ मारून खुंटीवर ठेवतंय? आंगमोची हाय ती. लडाखवरनं एवढ्या लांब शिकाय आलेली लेक, आपल्या माडीवर राहती, तिला एका सबदानं इचारायचं.

कुशाबा : ती डोंगरावर कालेजात पेपराला गेलती. तिचा पेपर सुटुस्तवर चिमण्या दम धरत्यात व्हय? दाणा भरलाय, कापणी तोंडावर आलीया.

रंभाबाई : अन् आता लई पळाल्या चिमण्या. वर बघा की. झोपाळा बांधून दिल्यागत बसल्यात दोरीवर. करायला गेलं गणपती अन् झाला मारुती.

कुशाबा : पहिल्या दिशी जरा बिचकल्या हुत्या.

रंभाबाई : बरं, आता बोलत बसू नका. आज ऐतवार, खंडोबाचाच वार. म्या पदरात भंडारा आणलाय. समद्या पताकांवर चिमूट चिमूट टाकलाय. तुमी हात जोडा, चूक कबूल करा अन् गुमान सोडून पिशवीत ठिवा. पोरगी यायच्या आत.

कुशाबा : तरी म्हणलं, ह्या साली जेजुरीला जायचं लांबलं, कायतरी हुणार. देवा, नादान हाय मी. तुला बांधाला बांधला...

रंभाबाई : हळू बोला. आली ती.

आंगमो : मावशी, माझ्या खुंटीवर एक पिशवी होती, तुम्ही कुठं... आबा, ही इथं कुणी बांधली?

कुशाबा : म्या बांधली, आंगू. तिचा काय दोष न्हाई. म्या.

आंगमो : आणि हे पिवळं काय लावलंय?

रंभाबाई : भंडारा हाय, बाय. हळद. देवाचीच हाय, वंगाळ काय न्हाई. घोडा बघितला अन् म्हणलं, ह्यो तर आपला खंडोबा.

आंगमो : खंडोबा नाही, मावशी. ह्याला आम्ही लुंगता म्हणतो. वाऱ्याचा घोडा. बाजूला ही अक्षरं आहेत ना, ती प्रार्थना आहे. वारा आला की घोडा ती घेऊन पळतो, सगळीकडे वाटत जातो.

रंभाबाई : म्हंजी आमच्यात घोड्यावर देव बसतुया, अन् तुमच्यात मागणं.

आंगमो : हां, तसंच. पण मावशी, ही आत्ता बांधायची नव्हती. ही माझ्या आचेसाठी होती. आचे म्हणजे मोठी बहीण. तिला पहिलं बाळ होणार आहे, आणि तिकडे बर्फ सुरू झाला की रस्ते बंद. मी जाऊ शकत नाही. म्हणून आमाने, माझ्या आईने, मठात लामाजींकडून अशा दोन माळांवर मंत्र वाचून घेतले. एक आमच्या छतावर, एक इथं माझ्या हाताने. पौर्णिमेला बांध म्हणाली होती. दिवस बघून बांधायची असते. चुकीच्या दिवशी बांधली तर काम उलटं होतं, असं म्हणतात आमच्यात.

कुशाबा : उलटं म्हंजी?

आंगमो : म्हणजे... जाऊ दे, आबा. तुम्हाला माहीत नव्हतं.

कुशाबा : रंभे, म्या बांधली तवा काय हुतं गं? पुनव न्हवती?

रंभाबाई : कसली पुनव? शुक्कुरवार हुता नुसता. पंचांग बघितल्याबिगर नांगराला हात लावत न्हाई तुमी, अन् लोकाच्या लेकीच्या बाळंतपणाला असा हात घातलात.

कुशाबा : माझं सगळं भात चिमण्यांनी खाल्लं असतं तरी चाललं असतं. हे नको हुतं. आंगू, तू आईला फोन लाव.

आंगमो : नको आबा. आमा घाबरेल.

कुशाबा : अगं, त्येच्यावर काय तोडगा असंल तर तिलाच ठावं असणार. आमच्यात नारळ असतुया, अभिषेक असतुया. तुमच्यात काय असंल ते मी करीन. जेजुरीला जातो तसा तुमच्या मठात बी यीन, पर लपवायचं न्हाई.

रंभाबाई : लाव गं. न्हाईतर ह्येंच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. त्या मोठ्या दगडावर हुबी ऱ्हा, तितंच रेंज येती.

(आंगमो बांधावरच्या दगडावर चढून फोन लावते. बराच वेळ आपल्या भाषेत बोलते.)

कुशाबा : काय म्हणली?

आंगमो : विचारते, कुणी बांधली? मी सांगितलं, आमचे घरमालक, म्हातारे आहेत, शेती करतात.

कुशाबा : म्हातारे कशाला सांगितलंस?

रंभाबाई : खरं तेच सांगितलं तिनं. पुढं?

आंगमो : म्हणते, दिवस तर बरोबर नव्हता. पण आबांना विचार, बांधताना त्यांच्या मनात काय होतं. दिवसापेक्षा ते मोठं असतं.

रंभाबाई : सांग तिला, हात जोडले हुते. सांग, समद्यांचं भलं कर म्हणले. लेकीबाळी सुखी ठेव म्हणले.

कुशाबा : गप. खोटं न्हाई सांगायचं. एका पोरीच्या जिवाची गोष्ट हाय. आंगू, तुझ्या आईला सांग, माझ्या मनात चिमण्या हुत्या. माझा एक दाणा बी त्येंनी खाऊ नये, भिऊन पळावं, एवढंच हुतं. अन् दोरी बांधता बांधता शिव्या बी घातल्या हुत्या.

आंगमो : आबा, हे असंच सांगू?

कुशाबा : असंच सांग.

रंभाबाई : सांगितलं का गं? तोंड का फिरवलंस? रडतीस व्हय?

आंगमो : रडत नाही, मावशी. आमा हसतेय. तिने आचेला सांगितलं, तर ती पण हसायला लागली. आमा तिला ओरडतेय, जास्त हसू नको म्हणून. थांबा... आमा विचारते, मग पळाल्या का चिमण्या?

रंभाबाई : पळत्यात कुटं. सांग, त्याच दोरीवर बसून खात्यात. आदी आमच्याच आळीतल्या येत हुत्या, आता समद्या लवळं गावातल्या गोळा झाल्यात.

आंगमो : आमा म्हणते, त्याच्यावर हेच लिहिलंय. सगळ्या जिवांना सुख मिळो, सगळ्यांचं पोट भरो. घोड्याने लिहिलेलं ऐकलं, आबांचं नाही ऐकलं, त्याला काय करणार?

कुशाबा : म्हंजी म्या माझ्या हातानं चिमण्यांना जेवायचं आवतान दिलं.

रंभाबाई : जल्मात एक पुण्य केलंत, ते बी शिव्या घालून.

कुशाबा : चेष्टा सोड. आंगू, अन् दिवसाचं काय? ते उलटं हुतंय म्हणलीस ते?

आंगमो : तेच विचारलं मी. म्हणते, ज्या दिवशी एवढे जीव जेवले, तो दिवस वाईट कसा असेल? आणि जो माणूस माझ्या मुलीसाठी खोटं बोलला नाही, त्याच्या हाताने बांधली तेच चांगलं झालं.

कुशाबा : असं म्हणली?

आंगमो : हो, आबा. आता बसा जरा बांधावर.

रंभाबाई : अन् भंडाऱ्याचं काय म्हणली? पुसून काढू?

आंगमो : नको, नको. आचेला पण पाहिजे. म्हणते, तिकडच्या माळेला पण लावू, थोडा पाठव. आणि खंडोबाचं नाव घेताना काय म्हणायचं ते विचारते. मी सांगितलं, येळकोट येळकोट.

रंभाबाई : बरोबर सांगितलंस. जेजुरीचाच धाडू, घरात हाय.

आंगमो : फक्त एक आहे, आबा. बांधली ती आता सोडायची नाही. ऊन-वाऱ्याने आपोआप विरली पाहिजे. रंग उडाला की समजायचं, प्रार्थना पोचली.

कुशाबा : अन् कापणी?

रंभाबाई : ह्यो कोपरा सोडून करा. एवढ्यानं काय दळिंदर येत न्हाई. ह्येचं भात मागनं म्या माझ्या हातानं कापीन, उखळात सडीन. आंगू, तुमच्यात बाळंतिणीला काय देत्यात?

आंगमो : जवाच्या पिठाची पातळ पेज देतात, लोणी घालून. भात आमच्याकडे पिकत नाही ना.

रंभाबाई : मंग ह्या दोरीखालचा नवा तांदूळ जाऊ दे तिला. मऊ भात करायचा, वर तूप सोडायचं, मिठाची कणी. माझ्या दोन्ही लेकी त्यावरच उठल्या. एवढी पिशवी जाईल ना गं कुणासंगं?

आंगमो : जाईल, मावशी. रस्ते बंद व्हायच्या आत आमच्या गावचे लोक जातात. पण एवढ्या चिमण्या आहेत. आचेपर्यंत काही उरेल का?

रंभाबाई : ते आता मालकांना इचार. अवं, ऐकताय न्हवं? हाकला की त्येंना, का नुसतंच बघत बसणार?

कुशाबा : हाकलून कसं चालंल? आवतान दिलंय म्या. खावा गं बायांनो, पोटभर खावा. पर थोडं मागं ठिवा. बाळंतिणीला धाडायचं हाय.