हेडफोनसाठी खड्ड्याला पाणी

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. मी ते इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेतले ना, त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून पाच-सहाशे व्होल्ट थेट कानापाशी येतात. पहिल्याच दिवशी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला आणि मुंग्या आल्या. वायरमन रफीकभाईंना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प लावून बघितला.

"सर, अर्थिंग मेलंय. खाली अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असंल, ओल्या मातीतच करंट उतरतो. रोज एक बादली पाणी टाका की."

रोज एक बादली! आपल्या सोलापुरात! बायको भडकली. "नळाला पाणी येतंय पाचव्या दिवशी. माणसांना पुरंना, आणि तुम्ही खड्ड्याला पाजणार व्हय?"

मग मी घमेल्यात उभं राहून अंघोळ करायचो आणि तेच पाणी खाली नेऊन ओतायचो. महिनाभर! मुंग्या तशाच.

शेवटी रफीकभाईंनी खड्डा उकरला. आतला अर्थिंगचा पाइप ठणठणीत होता, पण त्याला वायरच जोडलेली नव्हती. ती भिंतीतून वीतभर बाहेर येऊन तशीच मातीत पुरलेली.

"बांधतानाच जोडलं न्हाय की, सर. अख्ख्या बिल्डिंगचं असंच."

मी कपाळाला हात लावला. माझं महिनाभराचं पाणी! बायकोचा आवाज मात्र एकदम खाली आला होता.

"रफीकभाई, हेडफोनचं राहू द्या. पोरं चौदा वर्षं ज्या गिझरच्या पाण्यानं अंघोळ करत आलीत, त्याची वायर कुठं जाते?"

रफीकभाईंनी त्या वीतभर वायरकडे नुसतं बोट केलं.