सावलीचं भूमिपूजन

…आणि वर मलाच म्हणत्यात, "काकू, तुमी आभार मानायचं इसरला!" आभार? कशाचं आभार? तुमीच सांगा, कुणी तुमच्या डोक्यावरचं छप्पर काढून न्यायचं, हातात एक नारळ द्यायचा, आणि तुमी म्हणायचं धन्यवाद? आणि मुळात… मी मागितलं हुतं का?

थांबा, तुमी मला वळखत न्हाई. पयल्यापासनं सांगते. मी बनुबाई. शिराळ्याला जाताना आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथं रस्त्याला लागून आमचं रान, रानाच्या कडंला घर. मालक माझं आकाराम फौजी. म्हंजे आता रिटायर हैत, पर फौजीची फौज कवा रिटायर हुती व्हय? आता फौजेत मी आणि म्हस! सकाळी सकाळी आमा दोघींची हजेरी घेत्यात. तर ते ऱ्हाऊ द्या. त्या फाट्यावर गावच्या बाया वडापची वाट बघत थांबायच्या. एसटी येती तवा येती, वडापची जीप मात्र भरली की सुटती, म्हणून समद्यांची भिस्त जीपवर. पर सावली कुठं? हरणाबाई म्हणून एक म्हातारी हाय, मूळची जतकडची, मेंढरामागं उभा जल्म उन्हात काढलेली, ती बी म्हणायची, "बनू, आमच्या जतला झाडं न्हाईत म्हणून ऊन लागतं, तुमच्यात एवढा हिरवागार ऊस, तरी सावलीला काटकीभर जागा न्हाई गं!"

लाज वाटली मला. मग काय, आमच्याच रानात, आमच्याच बांधावर, चार मेढी रोवल्या, ऊसतोड झालीच हुती, पाचट पडलंच हुतं, टाकलं वर. खाली दोन फरश्या. कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि माझा ताकाचा हंडा. झाली छपरी! कुणाला इचारलं न्हाई, कुणाकडं गेलो न्हाई. आणि तुमाला सांगते, काय झ्याक चालायचं! माठ ज्यानं रिकामा केला त्यानं भरायचा. पावसात पाचट कुजलं की कुणीतरी नवी पेंढी आणून टाकायचं. कोण? काय म्हायती! अध्यक्ष न्हाई, समिती न्हाई, बैठक न्हाई, तरी माठ भरलेला. ताक ज्याला पायजे त्यानं इकत घ्यावं, ज्याला न्हाई त्यानं माठातलं पाणी प्यावं आणि गप्पा फुकट न्याव्यात. हरणाबाई तर वडाप यायच्या आधी तासभर येऊन बसायची. म्हणायची, "मला कुठं जायचं न्हाई गं, इथं बसायलाच आले." घरात एकटी म्हातारी. तिला तेवढंच माणूस.

पर चांगलं चाललेलं कुणाला बघवतं का? एक दिवस शिवतेज आला. शिवतेज म्हंजे आमच्या भागाचा पत्रकार, एक मोबाईल, एक माईक, माईकला लाल चौकोनी डबा, त्येच्यावर लिवलेलं 'तालुक्याचा दणका'. त्येची गाडी पंक्चर झाली म्हणून छपरीत बसला. गार पाणी प्याला. दोन गलास ताक प्याला. वर "काकू, लय भारी वाटलं" म्हणला. आणि मग उठून, मोबाईल समोर धरून, एकदम त्येचा आवाज बदलला की वो…

"हे विदारक दृश्य पहा! आजही इथल्या माताभगिनींवर पाचटाखाली बसण्याची दुर्दैवी वेळ आली आहे! प्रशासन झोपलंय का?"

आरं बाबा, तूच तर आता म्हणला लय भारी! आणि माझ्या तोंडापुढं माईक! "काकू, प्रशासनाबद्दलचा आपला संताप व्यक्त करा!"

मी म्हणलं, "संताप? न्हाई रं लेकरा, मला कशाचा संताप? आमचं बरं चाललंय. आणखी ताक देऊ का?"

तेवढंच बोलले. आणि सांजच्याला समद्यांच्या मोबाईलवर काय? माझा तोंड उघडलेला फोटो, आणि खाली, 'संतप्त महिलेचा टाहो!' टाहो! मालक म्हणाले, "बनू, तू टाहो कवा फोडला? मी तर घरातच हुतो." मी म्हणलं, "आवं, मी ताक इचारलं!" पर आता कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी सरपंच. लालासाहेब. पांढरी कापडं, पांढरी गाडी, मागं पोरं. छपरीकडं बघून मान हालवली, "ही आमचीच संकल्पना हुती. बनूकाकूंनी ती आमच्या मार्गदर्शनाखाली साकारली." मार्गदर्शन? ह्येनी त्या फाट्यावर आजवर काच सुदिक खाली केली न्हवती! आणि छपरीच्या तोंडाला ह्यो दारायेवढा फ्लेक्स. लालासाहेब हात जोडून हसत्यात. 'संकल्पना : लालासाहेब.' बरं, म्हणलं, हसू द्या.

तर ती खबर लागली इंद्रजितदादाला. ह्यो इरोधी पार्टीचा. त्यो आला दुपारी. "काकू, तुमच्या टाहोनं मला झोप न्हाई!" मी म्हणलं, "दादा, मी टाहो…" "तुमी काळजी करू नका!" आणि दुसऱ्या बाजूला त्येचा फ्लेक्स. त्यो तर गॉगल घालून हात जोडतोय. 'पाठपुरावा : इंद्रजितदादा.' कशाचा पाठपुरावा? मेढी माझ्या, पाचट माझं, फरशी माझी! ह्या दोघांनी काय दिलं? फोटो! आणि मी मागितलं हुतं का?

आता गंमत ऐका. समोरनं लालासाहेब, एका बाजूनं दादा, मग ईर्षेनं दुसऱ्या बाजूला परत लालासाहेबांचा आणखी एक फ्लेक्स, पाठीमागं ऊस. आमी आत बसलो तर बाहेरचं कायबी दिसंना. आणि बाहेरच्याला आमी दिसंना! वडाप आली, भुर्रकन गेली. दुसरी आली, ती बी गेली. हरणाबाई काठी टेकत वरडत बाहेर पळाली, "आरं थांब की मुडद्या!" त्यो वडापवाला पोरगा पुढं जाऊन थांबला आणि म्हणतो काय, "आजी, मला वाटलं तिथं पुढारीच हुभं हैत. पुढारी कवा वडापनं जात्यात व्हय?"

झालं! सावलीला बसायला आलेल्या बाया, वडाप दिसाय पायजे म्हणून पुढाऱ्यांच्या फोटोम्होरं उन्हात उभ्या! छपरीत कोण? कुणीच न्हाई. माठ आणि मी.

मग मी म्हणलं फ्लेक्स काढा. लालासाहेबांची पोरं म्हणाली, आधी त्यांचा काढा. दादाची पोरं म्हणाली, आधी ह्यांचा काढा. आणि ह्या वादात निघालं तिसरंच. म्हणं, पाचट नकोच! इथं पक्का निवारा पायजे! शेड! पत्रा, टाइल्स, स्टीलची बाकडी! लालासाहेब म्हणाले मी आणतो निधी, दादा म्हणाला मीच आणलाय निधी. मी हळूच म्हणलं, "आवं, आमची छपरी बरी हाय की…" तर ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणत्यात, "काकू, विकासाला इरोध करू नका." इरोध? मी? मी तर माठात पाणी भरत हुते!

आणि भूमिपूजन म्हणलं की भूमी मोकळी पायजे, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. म्हंजे काय? छपरी पाडाय पायजे. म्हंजे बघा, सावली द्यायची म्हणून आधी सावली काढायची! मी मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "जागा आपली हाय. न्हाई म्हणायचं." मी म्हणलं, "तुमी म्हणा." ते म्हणाले, "छपरी तुजी हाय. तू म्हण."

आणि मी म्हणणार हुते बरं का! शपथ! भूमिपूजनाच्या सभेत उठले सुदिक. पर तोवर स्टेजवरनं माझं नाव पुकारलं. "फाट्याच्या माउली, बनूकाकू!" आणि अंगावर शाल. गळ्यात हार. हातात नारळ. आता तुमीच सांगा, आपल्याकडं कुणी हातात नारळ ठेवला की माणसाला न्हाई म्हणता येतं का? शाल सावरू, का नारळ धरू, का पदर बघू? मी तोंड उघडलं, "माझं येवढंच म्हणणं हाय…" आणि फोटोवाला म्हणला, "काकू, हिकडं बघा, हसा!" हसले. टाळ्या! झाली माझी संमती.

चार मेढी काढायला काय आणलं म्हायती हाय? जेसीबी! पिवळाधमक, बोनेटला हळद-कुंकू लावलेला. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "दो आदमी का काम था, तोप ले आये!" त्यो जेसीबी एकदा खाली आला, एकदा वर गेला, संपली छपरी. माठ फुटला. हरणाबाई माझ्या शेजारी उभी हुती, तिची बसायची फरशी कुठं गेली ते मातीत बघत ऱ्हायली.

मग एकच कुदळ, ती दोघांनी धरली, लालासाहेबांनी हिकडनं, दादानं तिकडनं. कुणीच सोडंना! कुदळ वर, कुदळ खाली, फोटो, परत वर, परत खाली. येवढ्या येळात मालकांनी विहीर खणली आसती. आणि एक कोनशिला बसवली, काळा दगड, सोन्याच्या अक्षरात नावं. हाय की न्हाई कौतुक? सावली जाऊन दगड आला! मी मागितलं हुतं का?

आणि दुसऱ्याच दिवशी… लागली आचारसंहिता!

झालं. काम बंद. पंचायतीचा माणूस आला, कोनशिलेवरची नावं दिसू न्हाईत म्हणून त्यावर वर्तमानपत्र चिकटवून गेला. फ्लेक्स बी काढलं. म्हंजे आता सगळंच मोकळं. छपरी न्हाई, शेड न्हाई, पुढारी न्हाई, फकस्त ऊन. आणि कागद गुंडाळलेला दगड.

मी भाऊसाहेबांना म्हणलं, "तोवर माझी पाचटाची तरी घालते." ते म्हणाले, "नको काकू! त्या जागेवर आता काम मंजूर हाय. आणि आचारसंहितेत तिथं कायबी उभं केलं की परश्न येतो." मी म्हणलं, "सावलीला बी आचारसंहिता आसती व्हय?" मालक म्हणाले, "त्या तिकडच्या बाभळीला बी सांगा, मतदान हुईपतूर सावली पाडू नको."

हसण्यावारी नेलं आमी. पर चार दिवसात ऊन असं तापलं, आणि हरणाबाई… ती काय, सवयीनं येऊन बसायची त्याच जागी, त्या कोनशिलेला टेकून. एक दिवस बघते तर मान कलती झालेली. पळतच गेले. घेरी आली हुती म्हातारीला. तोंडावर पाणी मारलं, ताक पाजलं, डोळं उघडलं तिनं, आणि मला म्हणती काय, "बनू, छपरी हुती तवा बरं हुतं गं. शेड कवा येती?"

तवा मात्र माझं डोकं फिरलं. आता फिरलं म्हंजे काय, माझं डोकं फिरलं तरी मी वरडत न्हाई, मी पाचट गोळा करते. मालकांना म्हणलं, "उठा." ते पहार घेऊन उठले. ह्या खेपेला रस्त्याच्या कडंला न्हाईच. कुंपणाच्या आत, आमच्या अंगणात, चार मेढी. वर पाचट. शेजारच्या बाया न बोलवता आल्या, कुणी पेंढी, कुणी माठ. समद्यांना ताकीद दिली, फोटो काढायचा न्हाई, मोबाईलवर टाकायचं न्हाई, आणि कुणी इचारलं तर काय म्हणायचं? गोठा! म्हशीचा गोठा! गोठ्याचं श्रेय घ्यायला कोण पुढारी येतोय? गोठ्यावर कोण फ्लेक्स लावतोय? आणि पुरावा म्हणून म्हस बी बांधली मधोमध!

आणि तुमाला सांगते, काय झ्याक चाललंय परत! एका बाजूला हरणाबाई, दुसऱ्या बाजूला बाया, मधी म्हस रवंथ करतीया. वडापवाल्या पोराला पण म्हायती झालंय, त्यो गोठ्याम्होरं हारन वाजवतो आणि वरडतो, "चला, म्हस सोडून समद्या बसा!" माठ भरलेला. ताक खपतंय. शिवतेज आला हुता एकदा, म्हणला, "काकू, हितं काय?" मी म्हणलं, "श्याण काढते, येतोस का?" गेला गप.

वाटलं, सुटलो बाई! कुणी देत न्हाई, कुणी काढत न्हाई, आपलं आपण बघतोय.

पर काल सकाळी भाऊसाहेब आले. फाटक उघडलं. छपरीकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, हरणाबाईकडं बघितलं. म्हणलं, आता परत पाडत्यात का काय… तर गडी हसायला लागला की वो! म्हणला, "काकू, गोठा बांधलाय, मला सांगायचं न्हाई? आवं, गोठ्याला सरकारी अनुदान हाय! निवडणूक हुंदे, तुमचं नाव मीच घालतो. पक्का गोठा, शिमिटाचा कोबा, वर पत्रा…"

मी म्हणलं, "भाऊसाहेब, मी मागितलं का?"

"मागाय कशाला पायजे?" म्हणला, "फकस्त आधी ह्यो पाडाय लागंल."

मी ताकाचा गलास भरला, त्येच्या हातात दिला, आणि म्हशीला हळूच इचारलं, "तुला शाल कुठल्या रंगाची चालंल गं?"