तिच्या लॅपटॉपला नसलेला रोग

नाही, झाकण मिटू नका जावईबापू, तुम्हीच आणलात ना हा, मग बसा आणि बघा. हा तुमच्या बायकोचा लॅपटॉप, हा माझा. दोन्ही तिनेच घेतले, एकाच मॉडेलचे — म्हणाली, आई, रोज एकमेकींना बघून बोलू. बोललो की! बोलणं जरा रंगात आलं की वायफाय गायब. मी रडत बसले? छे! कुणी शिकवलं नाही, वाचून वाचून शिकले. वायफायच्या कार्डाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणायचं. आणि ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरकडून त्या कार्डाला हुकूम सोडणारा. माझ्या फर्मवेअरची आवृत्ती नवी, तिचं ड्रायव्हरशी पटेना — त्याने 'जरा झोप' म्हटलं की कार्ड जे झोपायचं ते उठायचंच नाही. जुनी आवृत्ती शोधून घातली, तेव्हापासून एकदाही गेलं नाही. तरी कॉल तुटतच राहिले, ते का? लेक म्हणाली, आई, माझ्याही लॅपटॉपला तोच रोग, एकाच मॉडेलचे ना. आणि मला पटलं! म्हटलं पाठव, मी दुरुस्त करते. आज पाठवते, उद्या पाठवते — शेवटी तुम्हांलाच सांगितलं, इकडे कामाला येताय तर घेऊन या. तुम्ही भोळे, आणलात.

आता हे वाचा. राहू द्या, मीच वाचते — फर्मवेअर, जुनी आवृत्ती. घेतल्यापासून तीच. बाहेरून दोन्ही जुळे, आतून वेगळे. हिच्या लॅपटॉपला तो रोग कधी झालाच नव्हता! सकाळपासून झोपवतेय, उठवतेय — वायफाय गेलं एकदा तरी?

खाली का बघताय? — म्हणजे कॉल तोडायचं बटण ती स्वतःच दाबायची, ते तुम्हांला ठाऊक होतं. शेजारीच असायचात. मला ती कारण काय सांगते तेवढं तुम्हांला ठाऊक नव्हतं, नाहीतर आणलाच नसतात. काय म्हणते ती, मी बोलू देत नाही? मी? मी बोलू देत नाही? — थांबा, मधे बोलू नका, माझं पुरं होऊ द्या! काय विचारायचे मी — जेवलीस का, वाळलीस का, नोकरी का सोडलीस, केस असे का कापलेस, कधी येतेस... कधी येतेस एवढंच विचारायचं असायचं हो, बाकीचं आपलं तोंडाला येईल ते. ते ओठांवर येईपर्यंत पडदा काळा. आणि मी वेडी त्या ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत बसायची. सरळ म्हणायचं, आई, पुरे. खाल्लं असतं का मी तिला?

हात लावू नका, अजून व्हायचंय. माझ्यातून काढलेली ती नवी आवृत्ती हिच्या लॅपटॉपात घालतेय. रागाने नाही हो — म्हणजे असेल थोडा. पण आता वायफाय खरंच जाईल. लेकीला आईशी खोटं बोलायला नको.

झालं. घ्या. चार्जर विसरू नका. आणि पोचलात की फोन करायची गरज नाही.