आसनाखालची ऊब

"'मी घरी येईपर्यंत माझं आसन उचलू नकोस,' असं तुझे बाबा हॉस्पिटलमध्ये जाताना म्हणाले होते, सलिल. ते आलेच नाहीत. म्हणून मी उचललं नाही."

वर्तकनगरच्या बसच्या रांगेत मालनबाईंचा जप ओठांवरच थांबला. पुढच्या तरुणाचा फोन स्पीकरवर होता. त्याचे आई-बाबा कॅनडात लेकीकडे, मैथिलीकडे, राहायला गेले होते.

"आई, फरशीखालचं हीटिंग त्यामुळेच चालत नाहीये. थर्मोस्टॅटचा सेन्सर नेमका त्या आसनाखाली आहे. जाड घोंगडीखाली ऊब कोंडते. त्याला वाटतं, अख्खी फरशी तापली. मग तो हीटिंग बंद करतो."

"म्हणजे बिघडलेला नाही?"

"नाही गं. खरं तेच सांगतोय बिचारा, पण बाबांच्या जागेपुरतं."

"मैथिली म्हणते, मोजे घाल. देवापुढे मोजे घालून बसू का रे?"

"मग बोटं गारठवून घेणार? डॉक्टर ओरडलेत ना तुला?"

"ओरडू देत. शब्द दिलाय मी."

"उचलू नकोसच. नुसतं सरकव."

पलीकडून आईचा आवाज आला, पण तो सलिलसाठी नव्हता.

"अहो, जरा भिंतीकडे सरकून बसता का? माझे पाय गारठतात हो."

घोंगडी फरशीवरून घासत गेल्याचं मालनबाईंनाही ऐकू आलं.

"सरकले रे."

"आता तापेल हळूहळू."

"तापेपर्यंत फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

बस आली. सलिलने मालनबाईंना वाट करून दिली आणि फोन कानाशी धरून तो रांगेतून बाजूला झाला.