पेला परत देताना

नाही नाही, ती बॅग असू दे तिथंच, डॉक्टर लुंडक्विस्ट, तिला काय ऊन लागतंय — तुम्ही मात्र इकडं सरका, आंब्याच्या सावलीत. बस अजून आलेली नाही. आली की कळेल, अख्ख्या गावाला कळतं, रामिरोच्या भोंग्यानं आमच्या प्रयोगशाळेतले बेडूक दचकतात — आणि आली तरी तो आधी खाली उतरणार, फाटकावरच्या बाईकडून गरम चिपा, तो चीजचा पाव, घेणार, तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करणार, मग असुन्सिऑनकडं निघणार. म्हणजे वेळ आहे. बसा. हे घ्या, तेरेरे घ्या. आज बर्फ जास्त घातलाय, पुदिना आमच्या अंगणातला आहे. आणि आठवतंय ना? पेला परत देताना ग्रासियास म्हणायचं नाही! म्हटलंत की संपलं. आभार मानले म्हणजे 'माझं झालं, आता मला वगळा' — मग तुम्हाला कुणी पुन्हा भरून देत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही पहिल्याच पेल्याला ग्रासियास म्हणालात, किती गोड हसून म्हणालात, आणि मग सगळी दुपार कोरडे बसलात — पेला तुमच्या नाकासमोरून इकडून तिकडं फिरतोय आणि तुम्ही बिचारे बघताय! आई मला घरी रागावली. म्हणाली, झुनिल्दा, अमेरिकेत जाऊन एवढं शिकून आलीस, आणि पाहुण्याला एवढं सांगता येईना? ...हं, असं. गुपचूप परत द्यायचा. मी भरते.

तर तुम्ही जाताय. सकाळी डीनसाहेबांच्या खोलीबाहेर म्हणालात, मी आजच्या बसनं निघतो, आणि मी म्हटलं, हो का, बरं, मी थर्मास घेऊन येते. मला दुसरं काही सुचेचना! पण आता सुचलंय. या विद्यापीठाच्या पाहुण्या संशोधकांच्या कचेरीची मी प्रमुख आहे — कारकूनही मीच, केरही मीच काढते — तेव्हा निघणाऱ्या पाहुण्याला नियम समजावून सांगणं माझं कामच आहे. नियम असा, की जो संशोधक मुदतीआधी जाईल त्याला पुढची दोन वर्षं इथं परत येता येणार नाही. हसू नका! तुमच्याच देशाचा नियम आहे. आमच्याबरोबर तिथं एक चिलीचा मुलगा होता, फाउस्तो, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले म्हणून तो मुदतीआधी घरी गेला, ऑफिसनं त्याचं नाव बंद केलं — आणि काम अर्धवट राहिलं म्हणून परत येऊ बघतो तर कळलं, आता दोन वर्षं संशोधक म्हणून येणं नाही. त्यानं मुलीचं नाव त्या नियमाच्या कलमावरून ठेवायचं म्हटलं होतं, बायकोनं ठेवू दिलं नाही. ...काय? आमच्या नियमावलीत हे कुठं लिहिलंय? लिहिलेलं नाही. खरं सांगू? हा नियम मी आत्ताच केला. तुमची बॅग बघून.

नियमांचं मला वाईट वाटत नाही हो, मला तर ते आवडायचे. तुम्ही मला तिथं बघितलंत ते तुमच्या प्रयोगशाळेत, नांगी नसलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांपुढं वाकलेली — पण माझी तिथली खरी शिक्षिका म्हणाल तर ती तुमच्या विद्यापीठातली पाहुण्यांच्या ऑफिसातली मिसेस प्रुइट. टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांचं भांडं, आणि प्रत्येक नियमाबरोबर एक गोळी पुढं करायची. आल्याबरोबर हजेरी दिलीच पाहिजे — गोळी. घर बदललंत तर कळवलंच पाहिजे — गोळी. विमा हवाच, आणि विम्यात मेल्यावर प्रेत मायदेशी पाठवायचा खर्च धरलेला हवाच — तेव्हा तिनं दोन गोळ्या दिल्या. मी ते घरी फोनवर सांगितलं, मला वाटलं आई हसेल, तर ती रडायलाच लागली, पोरी, तिथं माणसं मरायला बोलावतात का गं, म्हणाली! आणि ते शाळेतलं भाषण? शेजारच्या गावच्या शाळेनं मला माश्यांवर बोलायला बोलावलं होतं, तर त्याच्या आधी ऑफिसची लेखी परवानगी लागते, तुमची चिठ्ठी लागते, ती तुम्ही दिलीत — आणि मुलांनी मला मधाची बाटली भेट दिली, तर मी रात्रभर झोपले नाही. म्हटलं हे मानधन झालं का? सकाळी बाटली घेऊन मिसेस प्रुइटच्या दारात उभी! तिनं बाटली उलटसुलट करून बघितली, चष्मा लावून बघितली, आणि म्हणाली, हे बघ, माझ्या मते हा नाश्ता आहे. ...हसलात! अहो, इथं आल्यापासून पहिल्यांदा हसलात. द्या तो पेला.

पण तिचा शेवटचा नियम सांगताना ती गोळी द्यायला विसरली. मी आमच्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर तुमच्याकडं आले होते ना — तर तसं आलेल्या माणसाला पुढं तिथं नोकरीचा व्हिसा हवा असेल, कायमचं राहायचं असेल, तर आधी मायदेशी जाऊन दोन वर्षं काढावी लागतात. सवलत मागता येते, आपल्या सरकारकडून 'आमची हरकत नाही' असं पत्र मिळवता येतं. मी मागितलं होतं. ...हो, मागितलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हाला बोलले नाही मी. आमच्या मंत्रालयानं सांगितलं, आमची हरकत आहे. एवढंच. मग परत आले. इथं आई बसस्टँडवर फुलं घेऊन उभी, आजूबाजूच्या सगळ्या बायका उभ्या, आणि आई त्यांना सांगतेय, बघा, माझी लेक, तिथं सगळं मिळत असताना देशासाठी परत आली! — आता अशा वेळी काय म्हणणार? कलम सांगणार? मी फुलं घेतली. पहिले काही महिने मी कॅलेंडरकडं बघत काढले, खोटं कशाला बोलू. आणि मग कधी कोण जाणे, बघायचं राहूनच गेलं. इथं जंगलाच्या कडेला प्रत्येक म्हातारीच्या परसात यातेई माश्या आहेत, त्याच बिननांगीच्या, आणि त्यांच्यावर ज्यांनी लिहिलंय ते सगळे इथून हजारो मैलांवर बसलेत! मी वर्गात हे सांगते तेव्हा माझा आवाज चढतो, पोरं हसतात, म्हणतात प्रोफेसोरा तापल्या — तापू दे. आईचं ते खोटं मी हळूहळू खरं करून टाकलंय, आणि तिला त्यातलं काहीच माहीत नाही.

आणि हे बघा, त्या व्हिसाचं नावच देवाणघेवाणीचा व्हिसा, नाही का? मग मी मिसेस प्रुइटला विचारलं होतं, आम्ही इकडं येतो ही झाली देवाण, मग घेवाण कुठंय? तिकडं कोण जातं? ती म्हणाली, हनी, तो विभाग माझ्याकडं नाही. म्हणून म्हटलं, माझ्याकडं घेऊ तो विभाग! इथं आल्यावर डीनसाहेबांच्या मागंच लागले, म्हटलं, डॉन कास्पार, एक खोली द्या, एक टेबल द्या, मी बाहेरून संशोधक आणून दाखवते. ते म्हणाले, इथं? या धुळीत? कोण येणार? — आणि दिली, नाचाच्या पथकाची कपड्यांची खोली दिली, म्हणून तर तुमच्या टेबलाखाली त्या बाटल्या आहेत, डोक्यावर रचून नाचतात त्या. पेर्लाबाई, नाच शिकवणारी, ती रोज दारातून डोकावते बघा — तुम्हाला वाटलं ती तुमच्यावर भाळली? अहो, ती खोलीची मापं घेते! डॉन कास्पारांनी तिला शब्द दिलाय, हा पहिला पाहुणा सत्र संपेपर्यंत टिकला तर कचेरी राहील, नाही टिकला तर खोली परत घाघऱ्यांना. आज सकाळी तुम्हाला बॅगेसह बघून ती गात होती. ...नाही नाही, तुमच्यावर ओझं टाकत नाहीये. टाकतेय थोडं. घ्या, पेला घ्या.

मला माहीत आहे तुमचं काय बिनसलंय. उकाडा सोसलात. वीज जाते तेही सोसलंत. उपकरणांचं खोकं कस्टममध्ये अडकलंय, ते येईल, तिथला अधिकारी माझ्या मावसभावाचा सासरा आहे, फक्त त्याला 'माशी' या शब्दाची धास्ती वाटते. पण परवाचं व्याख्यान तुम्हाला लागलंय. खरंय ना? सभागृह भरलं होतं, शेवटच्या रांगेत आज्या नातवंडं घेऊन बसलेल्या, तुम्ही दीड तास स्पॅनिशमध्ये बोललात, घाम पुसत बोललात — आणि शेवटी विचारलंत, काही प्रश्न? आणि कुणी हूं नाही की चूं नाही. तुमचा चेहरा बघितला मी. पण डॉक्टर, आमच्याकडं पाहुण्याला चारचौघांत प्रश्न विचारत नाहीत! त्याला उत्तर नाही आलं तर? त्याची शोभा नाही का होणार? प्रश्न असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जायचं, रिकाम्या हातानं नाही जायचं. मी तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं, आई म्हणते ते बरोबर आहे, मी काही सांगतच नाही.

आणि लोक आले होते. हो, आले होते. काल संध्याकाळी तुमच्या दारात कुणीतरी लाकडाचा ओंडका टाकून गेलं, आठवतंय? तुम्ही राखणदाराला म्हणालात, हे सरपण कुणी माझ्या दारात टाकलंय, उचल. तो बिचारा माझ्याकडं घेऊन आला, म्हणाला, प्रोफेसोरा, डॉक्टरांना राग आलाय का? मी म्हटलं, नाही रे, त्यांना दिसलं नाही, अंधार पडला होता. ...आता वळा. हळू. बाकाच्या मागं, मुळांजवळ. बघा. दिसलं? दिवस मावळला की यातेई आपलं दार मेणानं बंद करून घेतात, हे तुम्हीच मला शिकवलंत — काल तुम्ही बघितलात तेव्हा तो नुसता ओंडका होता. आता उन्हात बघा ती मेणाची नळी, शेवईएवढी, आणि तिच्या तोंडाशी पहारेकरी घिरट्या घालताहेत. दोरोतेआबाईचं पोळं आहे ते. शेवटच्या रांगेत निळी ओढणी घेऊन बसली होती ती. तिच्या नवऱ्यानं लग्नात तिला दिलेलं पोळं, तिनं स्वतः डोक्यावरून आणलं, चालत. तिचा प्रश्न असा आहे की गेल्या पावसापासून त्या मध कमी का करताहेत — आणि ती उद्या येणार आहे उत्तर ऐकायला, मांदिओका कंदाच्या भाकऱ्या घेऊन. मी तिला काय सांगू? सरपण समजून पाहुणे निघून गेले?

...माझं? माझं काय विचारताय? — हां, ते. तुम्ही आलात त्या दिवशी विमानतळावरच म्हणालात ना, झुनिल्दा, तुझी दोन वर्षं भरली, विभागात जागा आहे, ये. आणि मी म्हटलं, विचार करते, आणि लगेच तुमच्या बॅगा उचलायला धावले. विचार केला हो. रोज करते. माझं असं ठरलंय — म्हणजे ठरलंय असं नाही, पण मनाशी आहे — की हा माणूस, ज्याला माझ्यापेक्षा जास्त माश्यांचं वेड, तो जर एक सत्र इथं काढू शकला, तर मी इथं जन्म काढू शकेन. आणि तो जर आजच्या बसमध्ये बसला, तर पुढच्या महिन्यात मीही बसेन, आईला काय सांगायचं ते सांगेन, आणि — अगं बाई. हे मी बोलले का? हे बोलायचं नव्हतं. विसरा. बर्फ डोक्यात गेला माझ्या. तुमची अडचण आहे, तुम्ही जा, खरंच जा, मिसेस प्रुइटला माझ्याकडून चिपा द्या, वाटेत वाळेल पण द्या —

ऐकलंत? भोंगा. आली.

हा शेवटचा पेला. सावकाश घ्या, तो आधी चिपा खाणार आहे. ...काय बघताय तिकडं? हो, परागकण घेऊन आलीय ती माशी, पिवळे पाय दिसताहेत. आंब्याचा मोहोर असेल. नका वाकू इतके, चष्मा पडेल.

द्या. पेला द्या इकडं.

...

ग्रासियास म्हणाला नाहीत तुम्ही.

नाही, नका — आता काहीसुद्धा बोलू नका. थांबा, भरते. सांडलं थोडं.

रामिरो! ए रामिरो! निघ तू! आज इथून कुणी चढत नाही.