शेटचा ओटा आणि भिंतीवरचा फोटो

गावाचे जुने फोटो बघून उसासे टाकणारे भेटले, की मला आमच्या महाडचे गंगाधरशेट आठवतात. साठ सालच्या आसपासची गोष्ट. बाजारपेठेतला रस्ता मोजायला आलेले साहेब त्यांना म्हणाले, "शेट, तुमच्या दुकानाचा ओटा रस्त्यात येतोय. पाडावा लागेल."

शेट भडकले. "रस्त्यात? अहो, वाडवडिलांपासून हा ओटा इथंच आहे! पुरावाच देतो." त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ओट्यावर बसून साहेबांपुढे धरला. वडिलांच्या काळचं दुकान, तीच फळ्यांची दारं, तीच पाटी.

तेवढ्यात कापड घ्यायला आलेले वरंधचे धोंडूदादा मधे डोकावले आणि हरखलेच. "अरं, ही तर आमच्या बापाची बैलगाडी! आन् बैल कुटं उबं हायत बगा. शेट, तुमी आता बसलाव ना, बरोब्बर तितंच!"

साहेबांनी फोटो अदबीनं परत दिला. "आभारी आहे शेट. पुरावा भक्कम आहे. आता पुढच्या दुकानांतले फोटो बघतो."

शेटचा ओटा गेला. पण साहेब पुढच्या दुकानाची पायरी चढेपर्यंत अख्ख्या पेठेतले वाडवडील भिंतीवरून उतरून माळ्यावर गेले होते. त्यांचे ओटे अजून आहेत. वडिलोपार्जित म्हणे!